ओषधीचे औषध

शिरूरच्या बाजारपेठेत, ज्या गावाला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात, एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या फळीसमोर अर्धा तास उभे राहावे. आषाढ-श्रावणातली सकाळ असेल तर गर्दी असतेच. एक वयस्क शेतकरी पिशवीतून वांग्याचे किडलेले फळ काढून फळीवर ठेवतो. "शेंडेअळी पडलीय, औषध द्या." दुकानदार फळ उलटेपालटे करून पाहतो आणि मागच्या मांडणीतून एक बाटली काढतो. "मामा, पंपाला दोन झाकणं. आठ दिवसांनी परत एक डोस." शेतकरी बाटली पिशवीत टाकतो. त्याच पिशवीत नातवाच्या खोकल्याची बाटली आधीपासून असते. तिचेही माप झाकणानेच घ्यायचे असते, आणि तिचेही नाव औषधच.

भीमेच्या उत्तर तीरावर शिरूर तालुका आणि दक्षिण तीरावर दौंड. दोन्हीकडे बोली एक, पिके बहुतेक एक, आणि हा शब्दही एक. कांद्यावर करपा आला की औषध, उसात तण माजले की औषध, डाळिंबाला, टोमॅटोला, फ्लॉवरला औषध. "औषध मारून येतो" असे सांगून माणूस सकाळी शेतावर जातो, आणि घरात कोणालाही त्या वाक्यात वावगे वाटत नाही. आम्हालाही अनेक वर्षे वाटले नव्हते. एका कार्यक्रमाच्या शेवटी शांतिपाठ चालू होता. त्यात अंतरिक्ष, पृथ्वी, जल यांच्यानंतर ओषधींना शांती लाभो आणि त्याच्या लगेच पुढे वनस्पतींना शांती लाभो अशी प्रार्थना येते. वाचकांपैकी बहुतेकांना ती मुखोद्गत आहे. शेजारी बसलेल्या एका तरुण कार्यकर्त्याने नंतर विचारले, "ओषधी म्हणजे औषधी वनस्पतीच ना? मग वनस्पती पुन्हा वेगळ्या का सांगितल्या?" प्रश्न साधा होता. उत्तर शोधताना मात्र आपण एका शब्दाच्या किती दूर निघून आलो आहोत ते दिसले.

आपण आज सगळ्या झाडाझुडपांना सरसकट वनस्पती म्हणतो. जुन्या ग्रंथकारांचे तसे नव्हते. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात भूमीतून उगवणाऱ्या द्रव्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. ज्यांना फूल दिसल्याविना फळ येते ते वनस्पती, म्हणजे वड, उंबर यांसारखे वृक्ष. ज्यांना फूल येऊन मग फळ येते ते वानस्पत्य. पसरणाऱ्या वेली आणि झुडपे त्या वीरुध. आणि फळ पिकले की ज्यांचे आयुष्य संपते त्या ओषधी. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातली आणि अमरकोशातली व्याख्याही हीच आहे. रोग बरा करण्याचा गुण या व्याख्येत कोठेही नाही. व्याख्या आहे ती आयुष्याच्या चालीची: उगवायचे, फुलायचे, दाणा भरायचा आणि दाणा पिकताच वाळून जायचे.

आता ही व्याख्या घेऊन दौंडच्या शिवारात उभे राहिले तर ओषधी कोण? ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा, मूग, मटकी, तीळ, करडई. म्हणजे आपण ज्याला पीक म्हणतो ते जवळजवळ सगळे. केळ माणसापेक्षा उंच वाढते, पण घड पिकला की तिचा बुंधा संपतो, म्हणून तीही या व्याख्येत ओषधीच ठरते. बांबू चाळीस-पन्नास वर्षे उभा राहतो आणि एकदा फुलला की मरतो; तोही याच वर्गातला. उसाचे मात्र गणित वेगळे आहे. तुरा येण्याची वाट पाहिली तर साखर उतरते, म्हणून आपण त्याला पिकण्याआधीच तोडतो आणि खोडव्याला पुन्हा फुटवा घेतो. असो.

तैत्तिरीय उपनिषदात सृष्टीची परंपरा सांगताना पृथ्वीपासून ओषधी, ओषधींपासून अन्न आणि अन्नापासून पुरुष असा क्रम आहे. तेथे ओषधी या शब्दाचा अर्थ जडीबुटी असा घेतला तर ते वाक्यच कोलमडते; माणूस काही काढ्यांवर वाढलेला नाही. चंद्राला ओषधींचा स्वामी म्हटले, गीतेच्या पंधराव्या अध्यायात तो रसरूप होऊन सर्व ओषधींचे पोषण करतो असे म्हटले, तेथेही डोळ्यांसमोर उभे राहते ते चांदण्यातले पिकाचे रान.

याचा अर्थ उपचाराचा भाव शब्दात नंतर शिरला असा मात्र नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 97वे सूक्त ओषधींचे आहे आणि त्याचा ऋषी भिषक् आथर्वण, म्हणजे नावानेच वैद्य. त्या सूक्तात ओषधींना माता म्हणून हाक मारली आहे आणि रोग घालवण्याची विनवणी केली आहे. यास्काने निरुक्तात या शब्दाची जी व्युत्पत्ती दिली तिच्यात 'ओष' म्हणजे दाह, आणि तो दाह पिऊन टाकते ती ओषधी, असा एक पर्याय आहे. दोष पिऊन टाकते ती ओषधी असा दुसरा. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांचे या व्युत्पत्तीवर एकमत नाही. यास्कानेही एकापेक्षा अधिक पर्याय दिले ते याचमुळे. पण एवढे खरे की वेदकाळापासून या एका शब्दात दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत होते: जी पोसते ती, आणि जी बरे करते ती. पुढे 'ओषधीपासून झालेले' म्हणून 'औषध' हा शब्द सिद्ध झाला. ओ चा औ झाला. एका मात्रेचा फरक, आणि त्या मात्रेवरून शब्द हळूहळू शेतातून वैद्याच्या खलबत्त्यात गेला. इंग्रजांच्या 'हर्ब' शब्दाचेही असेच झाले. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ गवत, हिरवा पाला इतकाच होता. आज तो शब्द उच्चारला की काढा किंवा मसाला आठवतो.

मग शेतातल्या ओषधीला मराठीत काय उरले? 'पीक' उरले. या शब्दाकडे आपण कधी नीट पाहत नाही, कारण तो रोजचा आहे. संस्कृतातले 'पक्व' प्राकृतात 'पिक्क' झाले आणि मराठीत 'पिका', 'पिकणे', 'पीक'. मूळ धातू पच्. त्याच धातूतून 'पाक' आला, 'स्वयंपाक' आला, 'पचन' आले. शेतात दाणा पिकतो, चुलीवर अन्न शिजते, पोटात ते पचते. तिन्ही ठिकाणी एकच क्रिया चालू आहे, उष्णतेने परिपक्व होण्याची, असे ही भाषा घडवणाऱ्यांना दिसले होते. आणि गंमत अशी की शास्त्रकारांनी ओषधीची व्याख्या करताना जी खूण निवडली, फळाचा पाक, तीच खूण आमच्या कुणब्यांनी आपल्या शब्दात निवडली. संस्कृत पंडित आणि नांगर धरणारा हे दोघे एकमेकांना विचारून बोलले नव्हते. दोघांनीही रोपाकडे पाहिले, आणि दोघांना तीच गोष्ट महत्त्वाची वाटली.

हे शिवार किती जुने आहे याचा पुरावा शिरूर तालुक्यातच आहे. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या नऊशे वर्षांच्या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. चौकोनी घरे, धान्य साठवण्याच्या बळदांसारख्या जागा, मोठ्या घराजवळचे कोठार, पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध आणि कालवा असे बरेच काही मातीखालून निघाले. जळून कोळसा झालेले दाणेही निघाले. त्यात सर्वांत महत्त्वाचे धान्य होते सातू, म्हणजे जव, म्हणजे वेदातला यव. गहू होता, मसूर होती, कुळीथ, वाटाणा, लाख, वाल होते. रानातून वेचून आणलेली बोरेही होती. ज्या मातीत आज उसाचे फड उभे आहेत तेथे तीन हजार वर्षांपूर्वी जवाच्या लोंब्या डुलत होत्या. आज जव आमच्या ताटातून जवळजवळ गेला आहे. पण कोशकार ज्वारी या नावाचे नाते यवाशीच जोडतात. धान्य बदलले तरी जुन्याचे नाव नव्याला लावून आपण पुढे चाललो.

इनामगावच्या शेवटच्या तीनशे वर्षांची हकीकत सुखाची नाही. डॉ. ढवळीकरांनी मांडले आहे की इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास पर्जन्यमान घटत गेले, शेती आक्रसली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवर आणि जनावरांवर भिस्त वाढली, आणि अखेर वस्ती उठली. केंदूर-पाबळकडच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या माणसाला यात परके काही वाटणार नाही. हे येथे सांगण्याचे कारण इतकेच की पूर्वीची शेती म्हणजे सुवर्णयुग होते असा भाबडा समज आमचा नाही. जुन्या काळीही कीड होती, टोळधाड होती, दुष्काळ होता. पिकावर रोग पडला की हात चोळत बसण्यापलीकडे अनेकदा इलाज नसे. गेल्या शतकात स्वातंत्र्यानंतर संकरित बियाणे आले, रासायनिक खते आली आणि फवारणी आली, त्यामुळे धान्याची कोठारे भरली, हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. परदेशी गव्हाच्या जहाजाची वाट पाहणारा देश त्या मार्गाने त्या नामुष्कीतून बाहेर पडला.

फवारणीच्या द्रवाला औषध हे नाव मिळाले त्यातही अडाणीपणा नव्हता. शेतकऱ्याने पिकाकडे कधी निर्जीव मालासारखे पाहिले नाही. पीक आजारी पडते, 'मान टाकते', 'पिवळे पडते', 'सुकते', त्याला 'रोग पडतो'. मग ज्याने ते बरे होते ते औषधच. लेकराप्रमाणे वाढवलेल्या रोपाला औषध द्यायचे, यात जिव्हाळा होता. विकणाऱ्यांनाही हे नाव फार सोयीचे पडले, हे वेगळे सांगायला नको. 'विष द्या' म्हणत दुकानाची पायरी कोण चढेल?

पण या जिव्हाळ्याच्या नावाने काय केले ते पाहा. कायद्याच्या भाषेत ते औषध नाही. 1968च्या कायद्याचे नावच कीटकनाशकांचा कायदा असे आहे. 1971च्या नियमांनुसार प्रत्येक बाटलीवर एक चौकोन कोपऱ्यावर उभा करून छापावा लागतो आणि त्याचा खालचा भाग विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल असेल तर वरच्या भागात कवटी आणि हाडांचे चित्र असते आणि विष असा स्पष्ट शब्द असतो. हिरवा असेल तर त्याचा अर्थ निर्धोक असा नाही, इतरांच्या मानाने कमी विषारी इतकाच. पण हिरवा रंग पाहून निर्धास्त होणारे कितीतरी आहेत. म्हणजे बाटली सांगते विष आणि जीभ म्हणते औषध. ज्या घरात वाचणारे कमी आणि बोलणारे जास्त, तेथे जीभच जिंकते.

औषध म्हटले की हातमोजे कोण घालतो? औषधाचा वास आला तर नाक कोण झाकतो? उरलेले औषध फेकून द्यायचे नसते, ते नीट ठेवायचे असते. म्हणून ते गोठ्याच्या कोनाड्यात, कधी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत, लहान मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर राहते. पंपाचे नोझल तुंबले तर तोंडाने फुंकून मोकळे करणारे फवारे आम्ही पाहिले आहेत. एकाला हटकले तेव्हा तो हसून म्हणाला, "दादा, औषधानं कुणी मरतं व्हय?" 2017च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्यांनी ते विष प्यायले नव्हते, रोजचे काम केले होते. दाट वाढलेली कपाशी, उलटा वारा, अंगावर नुसता सदरा. त्या घटनेची चौकशी झाली, चर्चा झाली, काही दिवस वर्तमानपत्रांचे रकाने भरले. शब्द मात्र तोच राहिला.

आणखी एक वाक्य आपल्या ग्रामीण मराठीत रुळले आहे, ते लिहिताना हात जड होतो. "त्यानं औषध घेतलं." हे वाक्य कोणत्या आवाजात म्हटले आहे त्यावरून ऐकणाऱ्याला कळते की माणूस बरा होतो आहे की रुग्णालयात शेवटच्या घटका मोजतो आहे. एकाच वाक्याचे असे दोन अर्थ ज्या भाषेत होतात तिच्या घरात काहीतरी बिघडले आहे. तालुक्याच्या रुग्णालयात अशा रुग्णाला आणले की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "कोणतं औषध? बाटली आणली का?" बाटलीवर घटकद्रव्याचे नाव आणि उताराही छापलेला असतो, म्हणून बाटली बरोबर नेल्याने उपचाराचा मौल्यवान वेळ वाचतो. ही गोष्ट आमच्या प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावी आणि गावात सांगावी. त्याहून आधी, कर्जाने किंवा नापिकीने खचलेल्या माणसाच्या घरातली ती बाटली काही दिवस शेजाऱ्याने आपल्याकडे कुलपात ठेवावी, आणि त्याच्याशी रोज चार शब्द बोलावेत. हे शेजाऱ्याचे काम आहे, त्याला शासकीय योजनेची वाट पाहावी लागत नाही.

तणनाशकाची गोष्ट तर शब्दाच्या दृष्टीने अधिकच विचित्र आहे. तण हा शब्द तृणापासून आलेला. पूर्वी खुरपणीला गेलेल्या बाया संध्याकाळी परतताना ओटीत घोळ, पाथरी, चिवळ, तांदुळजा, कुर्डू घेऊन येत. बांधावरचा माका केसांना, पुनर्नवा सुजेला, सराटा म्हणजे गोखरू मूत्रविकाराला, हे त्यांना शिकवावे लागत नसे. चरकाने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे की ओषधींचे नाव आणि रूप गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना ठाऊक असते. शिरूरच्या माळावर मेंढरे हाकणारा धनगर हा असा चरकाने मान्य केलेला जाणकार आहे. बौद्ध ग्रंथांत जीवक वैद्याची कथा येते. गुरूने त्याला तक्षशिलेभोवतीच्या परिसरात औषधी नसलेली एक तरी वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला. आज आपल्या उसाच्या फडात तणावर औषध मारले जाते, आणि त्या औषधाने जे मरते त्यात निम्मी औषधी असते. हे वाक्य मराठीतच शक्य आहे, आणि ते विनोद म्हणून ऐकले तर हसू येते. 'औषधालाही सापडत नाही' हा आपला जुना वाक्प्रचार. माका आणि पाथरी यांच्याबाबतीत तो अनेक गावांत अक्षरशः खरा झाला आहे.

वनस्पती या शब्दाचेही आपण काय केले ते आठवावे. वडा-उंबराला दिलेले ते नाव आपल्या आईवडिलांच्या पिढीत पत्र्याच्या डब्यातल्या गोठलेल्या तेलाला लागले होते. वाण्याकडे 'वनस्पती' मागितली की डबा समोर येई. तेथे विनोदावर निभावले. येथे माणसे मरतात.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. हे वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये की जे झाडपाल्याचे ते सारे अमृत आणि जे कारखान्याचे ते सारे विष. कण्हेर आणि धोत्रा आपल्याच परसात उगवतात आणि जीव घेऊ शकतात. दशपर्णी अर्कात धोत्रा, कण्हेर, रुई घालतात ते किडीला मारण्यासाठीच. तो अर्कही डोळ्यांत-तोंडात जाऊ न देता वापरायचा असतो. चरकाने हा भेद फार स्वच्छ सांगितला आहे: योग्य रीतीने योजले तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते, आणि चुकीचे योजले तर औषधही तीक्ष्ण विष होते. म्हणजे द्रव्यापेक्षा योजना महत्त्वाची. त्यासाठी त्याने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. आपल्या पिकाच्या चिकित्सेत द्रव्य आहे, रोगी आहे, परिचारक म्हणून पाठीवर पंप घेतलेला मजूरही आहे. वैद्य कोण? बहुतेक ठिकाणी दुकानाच्या फळीमागे उभा असलेला विक्रेता. त्याच्यातही सज्जन आहेत, हातात फळ घेऊन खरा सल्ला देणारे आहेत. पण रोगाचे निदान आणि द्रव्याची विक्री एकाच गल्ल्यावर झाली की काय होते ते माणसांच्या वैद्यकातही आपण पाहतोच आहोत.

पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळीच्या गराची पूड आणि शंभर लिटर पाणी, ही कृती कृषी विद्यापीठांनीही मान्य केलेली आहे आणि किडीच्या सुरुवातीला ती पुष्कळदा पुरते. दौंड-शिरूरच्या रस्त्याकडेला कडुलिंबाला तोटा नाही. ज्येष्ठात निंबोळ्यांचा सडा पायाखाली तुडवला जातो. जेथे ती पुरत नाही तेथे रासायनिक कीटकनाशक वापरावे लागेल आणि शेतकरी ते वापरील. त्याला दोष देण्याचा अधिकार पुण्या-मुंबईत डागविरहित, चकचकीत वांगे निवडून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. किडलेले एक वांगे टोपलीत दिसले की जी गृहिणी टोपलीच बाजूला सारते, तिने शेतातल्या पंपात एक झाकण वाढवलेले असते. फवारणीनंतर तोडणीआधी किती दिवस थांबायचे तेही बाटलीवर छापलेले असते. बाजारभाव चढला असेल तर ते दिवस कोण मोजतो, हे आपण विचारीत नाही.

आमची सूचना छोटी आहे. कीटकनाशकाला औषध म्हणणे आपण थांबवावे. 'विषमुक्त शेती' हा शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत गावोगाव पोहोचला आहे, म्हणजे ते विष आहे हे आपण तत्त्वतः मान्य केलेलेच आहे. फक्त दुकानात आणि घरात बोलताना ते विसरतो. कार्यकर्त्यांनी आपापल्या घरापासून प्रारंभ करावा. गोठ्यातल्या पेटीवर लाल रंगाने 'विष' लिहावे आणि किल्ली मोठ्या माणसाकडे ठेवावी. शाळेतल्या मुलांना त्या चार रंगांचा अर्थ शिकवायला एक तास पुरतो, आणि मुले घरी जाऊन बापाला सुनावल्याशिवाय राहत नाहीत. बोलण्यात बदल करणे सोपे नसते, पहिल्या दिवशी लोक हसतात, हे आम्हाला ठाऊक आहे. विक्रेत्याला "कोणतं विष देताय?" असे विचारून पाहावे. तो क्षणभर थांबतो, आणि बाटली देताना दोन सूचना जास्त सांगतो. हा अनुभव घेऊन पाहिलेला आहे.

गेल्या घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका घरी जाण्याचा योग आला. घटाभोवती पेरायला सात धान्ये हवी होती. नातू शेतात पेरून उरलेल्या बियाण्याची पिशवी घेऊन आला. पिशवीतले दाणे गुलाबी होते. बुरशी लागू नये म्हणून कंपनीने त्यांना रसायन चोळलेले असते. आजीने एक दाणा बोटांत धरून उजेडात पाहिला आणि पिशवी परत केली. "हे नको, बाळा. औषध लावलेलं बी देवाला चालत नाही. माळ्यावरच्या कणगीत बघ, साधी ज्वारी असंल." नातू शिडी लावून माळ्यावर चढला. खाली आला तेव्हा त्याच्या ओंजळीत गेल्या वर्षीचे, थोडे धुळीने माखलेले, पांढरे दाणे होते. आजीने ते सुपात घेऊन पाखडले आणि परडीतल्या काळ्या मातीत, हळद-कुंकू वाहून, ओळीने पेरले.